कंपाउंडरच्या कण्या

गल्लीत त्यांना नावानं कुणी हाक मारत नसे. सारा जन्म एकाच दवाखान्यात औषधं देण्यात गेला म्हणून ते कंपाउंडर, आणि त्यांच्याशी लग्न केलं एवढ्याच गुन्ह्यापायी बायको कंपाउंडरीणबाई. खरं तर त्या घरात बोलण्याचं सगळं खातं बाईंकडे होतं. कंपाउंडर दिवसभर खिडकीआडून "जेवल्यावर एक, झोपताना एक" एवढं बोलत आणि घरी आल्यावर तेवढंही बोलत नसत. गरजच काय होती? बाई बोलत, हे ऐकत, आणि दोघांचं झकास चाललं होतं.

अशा बाईच्या तोंडाला कुलूप लागावं, म्हणजे बघा.

झालं असं की बाईंना झटका आला. उजवी बाजू गेली, मग हळूहळू थोडी परत आली. हॉस्पिटलातून घरी आल्या तेव्हा काठी टेकत चार पावलं टाकत होत्या, उजवा हात जड होता, आणि बोलणं वाकडंतिकडं का होईना पण येत होतं. पहिल्याच दिवशी भेटायला माणसं आली. बाईंनी त्यांना बसा म्हटलं. तो शब्द असा काही लोळत, घसरत बाहेर पडला की पाहुण्यांतली एक जण फस्सकन हसली. तिच्या मनात काही वाईट नव्हतं हो, काही माणसांना घाबरलं की हसू फुटतं. पण बाईंनी ओठ मिटले ते मिटलेच. त्यानंतर चकार शब्द नाही.

बोलायला शिकवणाऱ्या एक ताई आठवड्यातून एकदा येत. त्यांनी कंपाउंडरना स्वयंपाकघराच्या दाराशी गाठून स्पष्टच सांगितलं, "जिभेला काम मिळालं नाही तर ती कायमची आळसावते. आत्ताच काय ते होईल. आणि त्या बोलायला लागल्या तर तुम्ही घाई करून त्यांचं वाक्य पुरं करू नका. थांबायचं."

"बोलायला तर लागू दे," कंपाउंडर म्हणाले, "मी काय, जन्मभर थांबतो."

लेक दूरच्या शहरात राहायची. रोज संध्याकाळी तिचा फोन यायचा. "बाबा, आईला द्या ना." कंपाउंडर समोर बसलेल्या बाईंकडे बघत. बाई मान फिरवत. मग हे म्हणत, "झोपलीय गं." रोज संध्याकाळी कोण झोपतं? लेकीला काय कळत नव्हतं? पण तीही म्हणायची, "बरं, उद्या." आणि फोन ठेवल्यावर घर असं गप्प होई की नळ ठिबकलेला ऐकू येई. कंपाउंडरना आता कळलं होतं की आपल्याला शांत राहायला आवडतं हा आपला भ्रम होता. आपल्याला बायकोचं बोलणं ऐकायला आवडत होतं.

जेवणाचंही तसंच. "काय करू तुला?" विचारलं की बाई हात हलवत, काहीही नको. एका दुपारी त्यांनी असंच विचारलं आणि बाईंनी डावा हात उचलून वर बोट दाखवलं. दांडीवर मक्याची कणसं टांगली होती. घरामागच्या वाफ्यात बाईंनीच लावलेला मका तो. काढायला आला तेव्हा त्या हॉस्पिटलात, म्हणून कंपाउंडरनी कणसं तोडली, पानं मागे सोलून जुड्या बांधल्या आणि दरवर्षी बाई टांगत तशा टांगल्या. एवढं त्यांनी बघितलेलं होतं. पुढचं त्यांनी कधीच बघितलं नव्हतं. बाई मका दळत तेव्हा हे दवाखान्यात, आणि परत येत तेव्हा वाफाळत्या कण्या ताटलीत, वर दूध.

"कण्या?" त्यांनी विचारलं. बाईंनी मान डोलावली, हो. घरी आल्यापासून त्यांनी पहिल्यांदाच काहीतरी मागितलं होतं. कंपाउंडरना इतका आनंद झाला की हे कसं करायचं असतं ते विचारायचंच राहिलं. आणि विचारून सांगणार कोण होतं? त्यांनी मनाशी हिशेब मांडला. मका दळला की पीठ. पीठ शिजवलं की त्याचे आपोआप कण होत असणार. म्हणून त्यांना कण्या म्हणत असतील. शहाण्या माणसानं एकदा चूक करायची ठरवली की तो ती अशी पद्धतशीर करतो.

एक जुडी पुढच्या खेपेला म्हणून फळीवर बाजूला ठेवली आणि बाकीची सगळी कणसं सोलायला घेतली. आधी अंगठ्यानं दाणे पाडायला गेले, अंगठा सोलवटला. मग चमच्याच्या दांड्यानं ओळ मोकळी करून एक कणीस दुसऱ्यावर घासलं, तशी दाण्यांची सर ताटात टणटण पडायला लागली. त्यांनी एक दाणा दाढेखाली धरला. कट्कन फुटला. "वाळलाय छान," ते म्हणाले. बाई खुर्चीत बसून बघत होत्या.

मग त्यांनी टेबलाच्या कडेला हातचक्की आवळली. वर दाणे ओतायचं नरसाळं, बाजूला दांडा, आत दोन दातेरी चकत्या, आणि त्या चकत्या जवळ-लांब करायला एक चावी. कंपाउंडरनी चावी पार आवळून टाकली. औषध जितकं बारीक तितकं लवकर लागू पडतं, ही त्यांची सगळी विद्या. खलात पुडी घोटायची, कापडातून गाळायची, आणि बोटावर घेतली तर बोटाला कळता कामा नये.

दांडा हलेना. त्यांनी जोर लावला. टेबल हललं, चक्की हलेना.

बाईंनी खुर्चीच्या हातावर टकटक केलं.

"पाणी देऊ?"

बाईंनी मान हलवली, नको. डाव्या हाताची बोटं फिरवून दाखवली, सैल करा.

"पंखा?" म्हणत यांनी पंखा लावला. ताटातला कोंडा घरभर उडाला. मग पंखा बंद केला, कोंडा झाडला आणि अखेर स्वतःच नाइलाजानं चावी थोडी सैल केली. मनाला जरा लागलंच. पण आता दांडा फिरायला लागला, घर्रर्र घर्रर्र आवाज निघाला आणि पिवळी भरड परातीत पडायला लागली. गरम, गोडसर वास सुटला. हात भरून आला तसे ते हात बदलून दळत राहिले. शर्ट पाठीला चिकटला. दाणे संपले तेव्हा ते मटकन स्टुलावर बसले, पण काम अर्धंच झालं होतं. चाळायचं बाकी होतं.

त्यांनी घरातली सगळ्यात बारीक चाळणी काढली. पीठ खाली झिरपलं, रेशमासारखं मऊ. आणि चाळणीवर उरल्या कण्या. मोहरीहून थोड्या मोठ्या, सोन्यासारख्या पिवळ्या, एकसारख्या. बाई खुर्चीत पुढे सरकल्या. त्यांचा चेहरा उजळला. यांना येतंय की, असं त्यांना वाटलं असणार. ओठाचा एक कोपरा हलला, म्हणजे हसल्याच. कंपाउंडरनी ते हसू पाहिलं आणि पिठाकडे बोट करून म्हणाले, "बघ, कसं निघालंय. वस्त्रगाळ."

आणि चाळणी उचलून ते मागच्या दाराकडे निघाले.

आता यात त्यांचा दोष तरी किती? दवाखान्यात चाळणीखाली पडलं ते औषध आणि चाळणीवर राहिलं ते कचऱ्याचं. हात आपोआप तसेच वळले. मागच्या भिंतीपलीकडे शेजारणीच्या कोंबड्या होत्या. वाया कशाला घालवा, निदान मुक्या जिवाच्या पोटात जाईल, असा पुण्याचा विचारही त्यांनी केला. मागून टकटक ऐकू आली. "आलो, आलो, काठी तिथंच आहे बघ," म्हणत ते अंगणात उतरले.

कोंबड्या धावल्या. कंपाउंडरनी भिंतीवरून चाळणी उलटी केली आणि तळावर दोन थापा मारल्या.

"अहो."

त्यांच्या हातात चाळणी तशीच राहिली. तो शब्द सरळ नव्हता. मधेच वळला होता, शेवटी ओला झाला होता. पण सगळ्या जगात तो शब्द त्यांच्यासाठी एकच माणूस उच्चारत असे. ते मागे वळले. बाई दाराच्या चौकटीला धरून उभ्या होत्या, बिनकाठीच्या, आणि रागानं लाल झाल्या होत्या.

"त्या... कण्या... होत्या."

कंपाउंडरनी भिंतीपलीकडे पाहिलं. कोंबड्या मन लावून जेवत होत्या.

"कण्या?" ते म्हणाले. "ह्या?"

"मग... काय... मोती?"

त्यांना हसावं की रडावं कळेना, आणि डोळ्यांनी काय ते ठरवून टाकलं. गालावरून पाणी वाहायला लागलं तरी त्यांना ते पुसायचं सुचलं नाही. बाई मात्र थांबायला तयार नव्हत्या. इतक्या दिवसांचं तुंबलेलं होतं. शब्द अडखळत, एकमेकांवर पडत, पण येत होते. मी टकटक करते तर पाणी देतात. बोटानं सांगते तर पंखा लावतात. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं म्हणतात, इथं कुत्रंसुद्धा नाही, कोंबड्या. एकेका वाक्याला एरवीच्या दहा वाक्यांचा वेळ लागत होता. कंपाउंडर उन्हात चाळणी धरून उभे राहिले आणि एकही वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. सगळी त्यांना आधीच कळत होती, तरी थांबले.

बाईंचा दम संपला. एकदम त्यांना आपला आवाज ऐकू आला असावा. त्यांनी हात तोंडावर नेला. "कळतं... तरी का... तुम्हाला?"

"अगं, सारा जन्म डॉक्टरांचं अक्षर वाचलंय मी," कंपाउंडर म्हणाले. "त्यांचं त्यांना लागत नसे, ते मी वाचायचो. तुझं बोलणं मला काय जड आहे?"

बाईंनी विचार केला. मग हात तोंडावरून खाली आला. "कण्या... नाही... ओळखता आल्या."

कंपाउंडरनी रिकामी चाळणी झटकली आणि आत आणली.

फळीवर ठेवलेली जुडी तेवढी उरली होती. आता सूत्रं बाईंच्या हातात. त्या टेबलाला खुर्ची लावून बसल्या, डावा हात चक्कीच्या चावीवर ठेवला आणि सैल केली, पुरती सैल. "पहिल्यांदा... नुसता... फोडायचा." यांनी दांडा फिरवला. दाणे फुटून जाडेभरडे पडले. मग ते सुपात घेऊन पाखडायचं, म्हणजे वरची साल उडून जाते. कंपाउंडरनी पाखडलं तर निम्मं जमिनीवर. "फुंका... नुसतं," बाई म्हणाल्या, आणि त्यांनी फुंकलं, आणि साल त्यांच्याच चष्म्यावर बसली. मग चावी थोडी आवळून दुसरा फेरा. मग चाळणी. खाली पडलं ते पीठ वेगळ्या डब्यात, वर राहिलं ते आपलं.

"वरचं आपलं," कंपाउंडर म्हणाले.

"उशिरा... का होईना."

वाटीभरच कण्या निघाल्या. कंपाउंडरनी त्या आधणात सोडल्या, मीठ घातलं, आणि बाईंनी सांगितलं म्हणून ढवळत उभे राहिले. खिडकीतलं ऊन उतरायला लागलं होतं. पातेल्यात बुडबुडे फुटत होते आणि बाई खुर्चीतून सांगत होत्या, आच कमी करा, कडा सोडवा, चमचा तळापासून फिरवा. एका साध्या पातेल्यात सांगण्यासारखं इतकं असतं हे कंपाउंडरना माहीत नव्हतं.

आणि फोन वाजला.

दोघंही त्याच्याकडे बघत राहिले. कंपाउंडरनी तो उचलला. लेक म्हणाली, "बाबा, आई?" आणि सवयीनं त्यांच्या ओठांवर आलं, झोपलीय. पण बाईंचा डावा हात पुढे आला होता. कंपाउंडरनी फोन टेबलावर ठेवून आवाज मोठा केला.

बाईंनी ओठ ओले केले. मग त्या म्हणाल्या, "तुझ्या... बाबांनी... कण्या... कोंबड्यांना... घातल्या."

पलीकडून लेकीचा आवाज आला, घाईचा, रडवेला. "आई? आई बोलली? बाबा, काय म्हणाली ती? मला नीट कळलं नाही. बाबा, काय म्हणाली सांगा ना."

बाईंची नजर खाली गेली. कंपाउंडरच्या जिभेवर ते वाक्य तयार होतं, स्वच्छ, पुडीत बांधल्यासारखं. दुसऱ्याचं न लागणारं वाचून तिसऱ्याला सांगण्यातच त्यांचा जन्म गेला होता. एक शब्द टाकला असता तर काम झालं असतं, लेकीचंही आणि बाईंचंही, आणि मग रोज संध्याकाळी ते काम त्यांनाच करावं लागलं असतं.

"तिलाच विचार," ते म्हणाले, आणि शेगडीकडे तोंड करून ढवळायला लागले.

पाठीमागे बाईंनी श्वास घेतल्याचं त्यांना ऐकू आलं. मग तेच वाक्य पुन्हा आलं. या वेळी आणखी सावकाश, आणखी मोठ्यानं, एकेक शब्द वेगळा ठेवत. आणि शेवटी बाईंनी आपल्या पदरचं जोडलं, "सगळ्या."

पलीकडून लेक हसली. रडता रडता फुटलेलं, न आवरणारं हसू ते. इकडे कंपाउंडरचा चमचा जागीच थांबला. हसण्यानंच तर सगळं बंद पडलं होतं. ते वळून बघायलाही घाबरले, तरी वळले.

बाई फोनकडे एकटक बघत होत्या. लेक हसायची थांबली आणि घाबरून म्हणाली, "आई, मी तुला नाही हसले गं."

"हस," बाई म्हणाल्या. "हसण्या...सारखंच आहे. पुढचं ऐक."