कठड्याचं काय झालं?

मित्रांनो, मी एक जुनी कुबडी आहे. झालं, म्हणालात ना 'अरेरे'? ते आधी बंद करा. मी चांगली धडधाकट आहे. साकीनाक्याच्या एका छोट्या कारखान्यात अॅल्युमिनियमच्या नळीतून माझा जन्म झाला. कोपराला धरायला पट्टी, हाताला मूठ आणि पायात रबरी बूट, एवढाच माझा थाट. मुलुंडच्या गंधालीनं दुकानात मला टेकून दोन फेऱ्या मारल्या आणि मला घरी आणलं. तेव्हापासून ती जाईल तिथं मी.

गंधालीचा उजवा पाय जन्मापासून अधू आहे. गोष्ट एवढीच. पण लोकांना ती पुरत नाही. रिक्षावाला आरशातून विचारतो, भाजीवाली मेथी बांधता बांधता विचारते, लिफ्टमधला अनोळखी माणूस तर नाव-गाव सोडून थेट सुरू होतो, "काय झालं पायाला?"

आधी गंधाली खरं सांगायची. मग कोणी मालिशचं तेल सुचवायचं, कोणी गावाकडचा वैद्य, आणि कोणी डोळेच पुसायला लागायचं. त्यांची समजूतही हिनंच काढायची! शेवटी वैतागून तिनं थापा सुरू केल्या. "गोराईला मगरीनं चव घेऊन बघितली. आवडला नाही, सोडून दिला." "पाय ना? सर्व्हिसिंगला टाकलाय, पार्ट मिळत नाहीये." लोक खो खो हसतात आणि म्हणतात, "किती आनंदी मुलगी आहे!" डोंबल आनंदी! हसताना तिचा पंजा माझ्या मुठीवर किती आवळतो, ते मला विचारा.

सगळ्यात जास्त चीड कशाची येते सांगू? पायाची चौकशी सगळ्यांना, पायऱ्यांची कोणालाच नाही. आमच्या इमारतीच्या दारात गुळगुळीत ग्रॅनाइटच्या पायऱ्या आहेत आणि धरायला काही नाही. गंधालीला तिथं एक साधा कठडा हवा होता. सोसायटीचे सेक्रेटरी चंद्रप्रकाशकाका दर वेळी म्हणायचे, "बघू गं, मीटिंगमध्ये घेऊ. एकीसाठी कशाला तोडफोड?" एकदा पायऱ्या नुकत्याच पुसलेल्या असताना माझं रबर सटकलं. आम्ही दोघी धाडकन खाली. वॉचमन धावत आला, तिला उठवलं आणि विचारतो काय? "मॅडम, पायाला काय झालं होतं?" त्याच्या टाळक्यात बसावं असं वाटलं मला!

काकांची बायको रत्नप्रभाकाकू मात्र मनानं फार चांगली. एका सकाळी लिफ्टमध्ये तिनं गंधालीला विचारलं, "कधी बरा होणार गं पाय?" ऑफिसला उशीर होत होता. गंधाली म्हणाली, "मार्गशीर्ष संपला की, काकू. मुहूर्त निघालाय."

काकूला ते खरं वाटलं! तिनं मार्गशीर्षातले गुरुवार गंधालीच्या पायासाठी धरले. शुगर असूनही कडकडीत उपास. आम्हाला पत्ताच नाही. शेवटच्या गुरुवारी तिनं उद्यापनाला गंधालीला हळदीकुंकवासाठी बोलावलं, तेव्हा आम्ही आपल्या नेहमीसारख्या ठकठक करत गेलो.

दार उघडलं. आत मांडलेला घट, फळं, उदबत्तीचा वास आणि बिल्डिंगमधल्या बायका. सगळ्यांच्या नजरा गंधालीच्या पायावर. उपासानं काकूचा चेहरा उतरला होता, पण डोळे चमकत होते. "ये गं! लक्ष्मीला तुझ्यासाठी साकडं घातलंय. आता ती कुबडी तिथं चपलांपाशी ठेव आणि चालत ये बघू!"

मला? चपलांपाशी? माझा नुसता संताप झाला.

गंधालीच्या ओठावर काहीतरी गमतीचं आलंच होतं. पण तिनं काकूच्या उतरलेल्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि ते गिळलं. "काकू, मी गंमत केली होती. हा पाय बरा होणार नाही. जन्मापासून असाच आहे, असाच राहणार."

काकू मटकन खाली बसली. "अगं, मग मी उपास कशासाठी केले?"

"मला काय माहीत?" गंधालीचा आवाज चढला, डोळे भरले. "पायाला काय झालं ते सगळे विचारता. मला काय हवंय ते कोणी विचारलंत? मला नवा पाय नकोय काकू, कठडा हवाय! खालच्या पायऱ्यांना. किती दिवस काकांच्या मागे लागलेय मी!"

काकू सावकाश वळली. काका ओट्यापाशी प्रसादाची केळी सोलत होते. "अहो, कठड्याचं काय झालं?"

बायकांना तेवढंच हवं होतं. "हो ना, काय झालं?" "कधीपासून अडलंय?" "कशामुळे?" "आता कधी होणार?" काकांना घाम फुटला. ते कसंनुसं हसून म्हणाले, "होईल की! मार्गशीर्ष संपला की!"

कोणी हसलं नाही.

"तारीख सांगा," काकू म्हणाली. "तोवर मी उपास सोडत नाही." काकांनी हातातलं केळं खाली ठेवलं आणि तिथूनच फॅब्रिकेशनवाल्याला फोन लावला.

कठडा लागला, मित्रांनो. आता गंधालीचा एक हात त्याच्यावर असतो आणि दुसरा माझ्यावर, अगदी सैल. रिक्षावाले अजून विचारतात आणि मगर अजून गोराईतच आहे. तुम्ही तरी तसं करू नका. कुबडीवालं कोणी दिसलं, तर त्याच्या पायाकडे टक लावण्याआधी त्याच्या वाटेकडे बघा. आणि आम्ही तुमच्या घरी आलो, तर मला चपलांपाशी ठेवायला सांगू नका. मी आत येणार.