खंडेनवमीचा पाना

दत्तूमामाचा कान स्क्रू-ड्रायव्हरच्या लाकडी मुठीला टेकलेला असतो, तेव्हा त्याचे डोळे मिटलेले असतात. पोलादी टोक चालू इंजिनच्या अंगावर, मूठ कानाच्या पाळीशी, आणि छताच्या एकमेव पारदर्शक पत्र्यातून उतरलेली उन्हाची पट्टी त्याच्या पांढऱ्या मिशीवर. भोवती उद्यमनगरचा कोलाहल अखंड चालू असतो: शेजारच्या लेथची किरकिर, ओतकामाच्या भट्टीचा घोंघावणारा पंखा, रस्त्यावर सळया उतरवल्याचा खणखणाट. त्या सगळ्या गलबल्यातून मामा एक बारीक धागा ओढून काढतो. मग डोळे उघडून, फार मोठे काही घडले नसल्यासारखा म्हणतो, "तिसऱ्या सिलिंडरचा टॅपेट वाजाय लागलाय." आणि तो तिसऱ्याचाच असतो.

मामा म्हणजे माझ्या आईचा थोरला भाऊ. त्याच्या वर्कशॉपपासून चार दारे सोडून असलेल्या एका कारखान्यात मी यंत्रांच्या सुट्या भागांची ड्रॉइंग काढते आणि दुपारचा डबा खायला मामाकडे येते. शाळेत इंग्रजी आणि घरी हे गडगडाटी कोल्हापुरी, अशा दोन भाषांमधल्या उंबऱ्यावर मी लहानपणापासून बहुधा गप्पच बसत आले. मामाला त्याचे वावडे नाही. "आमच्या बाईसाहेबांचा सायलेन्सर कंपनी फिटिंगचा हाय," असे तो गिऱ्हाइकांना सांगतो, "आवाज भाईर येतच न्हाय." गिऱ्हाईक हसते, मी डब्याचे झाकण लावते. मामाचे बोलणे राधानगरीकडच्या पावसासारखे. कोसळताना वाटते, आता सगळे वाहून जाणार. थांबल्यावर पाहावे, तर सगळे हिरवे.

एके काळी मामा शर्यतीच्या गाड्या तयार करायचा. चित्रांत दिसतात तशा बाणासारख्या, जमिनीला चिकटलेल्या गाड्या नव्हेत. रोज रस्त्यावर दिसणारी, कुणाचा तरी बाजारहाट वाहून थकलेली साधीसुधी मोटार. मामा ती सोलायचा. मागची सीट, खिडक्यांच्या काचा, पायाखालचे गालिचे, दारांची अस्तरे, असा संसाराचा सगळा भार उतरवून तो तिला जणू संन्यास द्यायचा. मग तिच्या पोटात जाड नळ्यांचा पिंजरा जोडायचा, गाडी उलटली तरी आतला माणूस चेपू नये म्हणून. वेल्डिंगच्या निळ्या प्रकाशात वाकलेली त्याची आकृती मला तेव्हा एखाद्या वैद्यासारखी वाटे, जो रोग बरा करत नाही, फक्त हाडे बळकट करून देतो.

त्या गाड्या चालवायचा बंडाकाका, मामाचा शिवाजी पेठेतल्या तालमीपासूनचा जोडीदार. बंडाकाकाचे हसू आधी वर्कशॉपात शिरायचे आणि तो मागून. एका शर्यतीत बॉनेटचा खटका सुटला, बॉनेट उभे राहिले आणि समोरचे सगळे दिसेनासे झाले. त्याने गाडी थांबवली नाही. मान खिडकीबाहेर काढून, आजूबाजूची शेते न्याहाळत निघालेल्या गाडीवानासारखा, त्याने उरलेल्या दोन फेऱ्या पुऱ्या केल्या आणि दुसरा आला.

"डोस्कं फिरलंय व्हय रं तुझं?" मामा ओरडला होता. "मान गेली असती की!"

"पर वारं लई झकास लागत हुतं भावा," बंडाकाका म्हणाला होता.

ते चेपलेले बॉनेट मामाने फेकले नाही. वर्कशॉपच्या मागे पाण्याच्या नळावर त्याने ते छपरासारखे बसवले. पावसाळ्यात त्याच्यावर थेंब वाजतात, आणि उन्हाळ्यात त्याच्या सावलीत चिमण्या येऊन बसतात.

मामा शर्यत कधी बघत नसे. तो ऐकत असे. गावाबाहेरच्या माळावर मातीचा ट्रॅक होता. लोक दोरखंडाशी रेटारेटी करत, तांबूस धुळीत डोळे बारीक करून आपली गाडी शोधत. मामा त्या गर्दीमागे, ट्रॅककडे पाठ करून, हाताची घडी घालून उभा राही. "आता चढाला लागला. आता गिअर पाडला. आता त्या पिवळ्याला मागं टाकतंय बघ." मी त्याच्या शर्टाचे टोक धरून उभी असे. दहा-बारा इंजिनांच्या त्या गर्जनेत त्याला आपली गाडी अशी ऐकू येई, जशी आईला शाळा सुटल्यावर शेकडो मुलांत आपल्या लेकराची हाक ऐकू येते.

आणि हे सगळे ज्या दिवशी संपले, त्याच्या आदल्या दिवशी खंडेनवमी होती.

खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारांना हात लावत नाहीत. पाने, हातोड्या, पक्कडी घासूनपुसून पाटावर मांडतात, हळदकुंकू वाहतात, आणि वर्षभर राबलेले लोखंड एक दिवस देव होऊन विसावते. दसऱ्याच्या सकाळी पूजा उतरली, की मग पुन्हा काम. मामाच्या वर्कशॉपात झेंडू वाहण्याचा मान माझा असे. मी नऊ वर्षांची होते. प्रत्येक पान्यावर एक फूल, असे मोजून ठेवत होते. दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला, मोठी शर्यत. दुपारी बंडाकाका आला आणि म्हणाला, "दत्त्या, स्टेअरिंग जरा डावीकडं वडायलंय. फुडचं चाक एकदा बघ की."

मामाने पाटाकडे पाहिले. "आज न्हाय गड्या. उद्या हत्यारं उचलली की पयलं तुझं चाक."

एवढेच. यात रागाचा, आळसाचा लवलेश नव्हता. जो माणूस देवासमोर उभा राहूनही आधी गाडीचा आवाज ऐकायचा, त्याने वर्षातून एक दिवस लोखंडाला दिलेला शब्द पाळला, एवढेच.

दसऱ्याला सकाळी आभाळ भरून आले. पावसाच्या धास्तीने शर्यत तासभर आधी सोडली. पूजा उतरवून, पान्यांची पेटी घेऊन आम्ही माळावर पोहोचलो, तेव्हा गाड्या सुटल्या होत्या. पेटी हातातच ठेवून मामा पाठमोरा उभा राहिला. तिसऱ्या फेरीत त्याची मान एकदम वर झाली. लोक अजून ओरडलेही नव्हते. धूळ अजून तशीच होती. मामा म्हणाला, "एक आवाज कमी झाला."

मग लोक ओरडले.

चाक निखळले, की टायर फुटला, की समोरच्या धुळीने घात केला, हे कुणालाच नीट सांगता आले नाही. पिंजरा वाकला नव्हता. मामाचे काम शाबूत होते, बंडाकाका नव्हता. त्यानंतर मामाने शर्यतीच्या गाडीला हात लावला नाही. दुधाचे टेम्पो, शाळेच्या रिक्षा, डॉक्टरांच्या मोटारी, अशा आज्ञाधारक वाहनांत त्याने पंधरा वर्षे काढली. त्याचा आवाज तेवढाच मोठा राहिला, विनोद तेवढेच धारदार. फक्त कुणी बंडाकाकाचे नाव काढले, की तो एखादा साफ नट पुन्हा साफ करू लागे. नवमीच्या दुपारचे ते बोलणे कुणालाच ठाऊक नव्हते, त्याला आणि मला सोडून. आम्ही दोघांनीही ते एकमेकांपाशी कधी उच्चारले नाही.

या श्रावणात केतकी आली. बंडाकाकाची मुलगी, माझ्याच वयाची. हेल्मेट काखेत, बापासारखीच रुंद जिवणी. मागून घेतलेल्या गाड्यांवर तिने लहानसहान शर्यती केल्या होत्या. आता दसऱ्याच्या मोठ्या शर्यतीत उतरायचे होते, आणि दारात एक जुनी पांढरी मोटार आणून उभी केली होती.

"काका, हिला सोला," ती म्हणाली.

"दुसरं कोण बघ बाळा. माझं डोळं गेलं आता."

"तुमी डोळ्यांनी कवा काम केलंय? कान हायत न्हवं?"

मामा हसला नाही. "तुझ्या आईला ठावं हाय का, तू हितं आलीयास ते?"

"आईनंच धाडलंय. म्हणाली, दत्तूभावजींनी केलेल्या गाडीत बसणार असशील तर जा. दुसऱ्या कुणाच्या गाडीत पाय ठेवायचा न्हाय."

मी मामाकडे पाहिले. ज्या विश्वासासाठी माणसे आयुष्यभर झुरतात, तो समोर येऊन उभा राहिला होता, आणि त्याला तो घेता येत नव्हता. कारण घेण्याआधी सांगावे लागणार होते. सांगितले, तर कदाचित हेच एक घर कायमचे तुटणार होते. त्याने नकारार्थी मान हलवली आणि टेम्पोखाली सरकला.

केतकी दुसऱ्या दिवशी आली, तिसऱ्या दिवशीही आली. ओल्या हवेत लोखंडाचा वास दाटला होता, आणि नळावरच्या बॉनेटवर पाऊस वाजत होता. मामा टेम्पोखालून बाहेर आला, तिच्यासमोर उलट्या डब्यावर बसला, आणि त्याचा तो गावभर ऐकू जाणारा आवाज प्रथमच इतका खाली आला, की मला चार पावले जवळ जावे लागले.

"तुझा बा नवमीला आलता," तो म्हणाला. "चाक बघ म्हणाला. म्या बगिटलं न्हाय. पुजा मांडलीती म्हणून पान्याला हात लावला न्हाय. धा मिंटाचं काम हुतं." मग माझ्याकडे बोट करून, "ही हुती तितं. इचार तिला."

केतकीने माझ्याकडे पाहिले. आयुष्यात इतक्या थेट कुणी माझ्याकडे पाहिले नव्हते.

"हो," मी म्हणाले.

"पप्पा काय म्हणाले मग?"

हे मामाला आठवत नव्हते. त्याने नकारानंतरचे काही ऐकलेच नव्हते. पंधरा वर्षे तो फक्त आपलाच शब्द ऐकत होता. मला आठवत होते. "म्हणाले, बरोबर हाय तुझं, आजच्या दिवशी मी पण उचलला नसता. मग माझ्या ताटातला एक झेंडू घेऊन कानावर खोचला, आणि मला म्हणाले, बाईसाहेब, कसा दिसतोय?"

"आणि कसे दिसत होते?"

"छान," मी म्हणाले.

केतकी पावसाकडे वळली. तिच्या चेहऱ्यावर क्षमा नव्हती, रागही नव्हता. अनोळखी रस्त्यावर पहिल्यांदा गाडी घालताना असते तशी एकाग्रता होती. मग ती उठली, हेल्मेट बाकावर ठेवले आणि बापाच्या आवाजात म्हणाली, "मग ह्या येळंला अष्टमीलाच आवळून ठेवा की, काका."

मामाने पुसायच्या फडक्याने तोंड पुसले, आणि ते आणखीच काळे झाले. "अष्टमीला न्हाय," तो म्हणाला, आवाज पुन्हा चढवत, "सप्तमीला. आणि अष्टमीला परत. आणि तू मधी लुडबुड केलीस तर कान धरून भाईर काढीन."

आज अष्टमी आहे. शरदाचे ऊन स्वच्छ धुतल्यासारखे पसरले आहे. पांढरी मोटार सगळा संसार उतरवून मधोमध उभी आहे. तिच्या चाकाशी मामा आणि केतकी गुडघ्यांवर बसले आहेत. आवळून झालेल्या प्रत्येक नटावर मामा पिवळ्या रंगाचा ठिपका देतो, केतकी मोठ्याने नटाचा क्रमांक सांगते, आणि मी ते वहीत लिहिते. मध्येच पाना थांबवून मामा तिला सांगतो, की तिचा बा या ठिकाणी काय म्हणाला असता. ती सांगते, की ते तो घरीही म्हणायचा. आणि दोघेही एकाच वेळी हसतात, दोन वेगवेगळ्या माणसांना आठवून. परवा काय होईल, हे आम्हा तिघांतल्या कुणालाच ठाऊक नाही.

गेलेल्या माणसाची उणीव काळ भरून काढत नाही, असे मला वाटते. तो फक्त एवढे करतो, की जी आठवण एकट्याने पेलताना पाठ मोडत होती, तिच्या दुसऱ्या टोकाला एक दिवस कुणाचा तरी हात लागतो.