खुराड्याला लावलेली पाटी

सकाळी वजीर दुकानावर आला तर वरची पाटी गायब. कुणी नेली ते शोधावं लागलं नाही. थेरगावच्या उद्धवरावांनी ती बैलगाडीत उभी करून नवरदेवासारखी चिंचवडभर मिरवत नेली होती आणि भेटेल त्याला सांगितलं होतं, या वजीरनं माझ्या पाण्याच्या इंजिनाचा मॅग्नेटो जाळला.

इंजिनाला ठिणगी देणाऱ्या त्या मॅग्नेटोची तार वजीरनं दसऱ्याआधीच नवी गुंडाळून दिली होती. तो सायकल हाणत मळ्यावर पोचला. 'वजीर वायंडिंग वर्क्स'ची पाटी कोंबड्यांच्या खुराड्याला दार म्हणून लावली होती. उलटी.

"मी जाळला?"

"मग काय कोंबड्यांनी? दसऱ्यापासनं ठिणगी न्हाई. पानी बंद. पेरू सुकाय लागलेत."

वजीरनं दात आवळून मॅग्नेटो सोडवला आणि उद्धवरावांच्या मांडीवर आदळला. "फिरवा."

उद्धवरावांनी दांडा फिरवला. तो गरगर फिरला.

"आतली तार जळून एकमेकीला चिकटली असती, तर चिखलातल्या चाकागत जड गेला असता. तार तुटली असती, तरी आतल्या चुंबकानं दर फेऱ्याला दोनदा अडवलं असतं. हा कुठंच अडत नाही. चुंबक मेलंय. कुणी मारलं?"

"आमी कशाला मारू? उलट पूजा केली खंडेनवमीला. समदं सुटं करून, धुऊन, हळदकुंकू वाहून."

"आन् नाल?" दारातून रुक्मिणीबाई म्हणाल्या. उद्धवराव नवऱ्याला शोभेल असं दुसरीकडे बघू लागले. "ह्येच म्हनाले, एवढी देखणी नाल इंजनात कशाला कोंडायची. दारावर ठोकली. बसंना, तर घणानं. चार लोकांनी बघितल्यावर काढून परत घातली."

वजीरनं ते नालेच्या आकाराचं चुंबक उपसून खिळ्यावर धरलं. खिळा ढिम्म. एक कोंबडी तेवढी जवळ आली.

"घणाच्या ठोक्यांनी चुंबकाचा जीव जातो. तो परत भरता येतो," वजीर म्हणाला. "पण माझ्या दुकानात. आणि दुकानाला पाटी नाही."

"घेऊन जा की."

"मी नाही. गाडीत तशीच उभी करा. त्याच रस्त्यानं. भेटेल त्याला सांगा, कोणी मारलं."

दुपारी उद्धवराव दुकानासमोर शिडीवर होते. सगळ्यांना सांगून सांगून घसा बसला होता. त्यांनी हातोडा उगारला. खाली वजीर कमरेवर हात ठेवून उभा होता, आणि त्याचा राग अजून उतरला नव्हता.

"हळू ठोका, उद्धवराव. ठोकून एक मारलंय तुम्ही."