पोटभर खाल्लं

बायकोच्या मते पंक्चरवाल्याइतका खोटारडा माणूस शोधूनही सापडला नसता. निदान खाण्याच्या बाबतीत तरी. मधुमेह झाल्यापासून ओठांवर साखर घेऊन तो बिनदिक्कत विचारायचा, "कुठे काय खाल्लं मी?"

जन्मभर लोकांच्या टायरमधले खिळे काढणाऱ्या या माणसाच्या तळव्यात खिळा घुसला, आणि पाय बधिर, त्यामुळे त्याला पत्ताच नाही. मोज्याला वास यायला लागला तेव्हा बायकोने पाहिलं. तोवर पाऊल काळंनिळं पडलं होतं. ऑपरेशन करून सडलेलं काढलं, सलाइनमधून औषधं सुरू झाली, तरी सर्जनने स्पष्टच सांगितलं, "दाबाखाली ऑक्सिजन देऊन बघू. त्यानेही जखम सुधारली नाही, तर पाऊल काढावं लागेल."

तेव्हापासून रोज तो काचेच्या लांबलचक नळकांड्यात झोपायचा. आत ठिणगी पडू नये म्हणून अंगात सुती कपडे, तेलाचा थेंब नाही, खिशात काही नाही. "आजवर मी हवा भरली, आता मलाच भरतायत," म्हणून त्याने पहिल्या दिवशी सगळ्यांना हसवलं. मग शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याचा पाय गेला आणि याची बोलती बंद झाली.

त्या सकाळी यंत्रावरच्या ताईंनी बोटाला टोचून साखर पाहिली. "ठीक आहे. इन्सुलिन घेतलं ना? नाश्ता झाला?"

"हो, हो. पोटभर खाल्लं."

त्या दार लावायला निघाल्या. बायको ताडकन उठली. इतक्या वर्षांच्या संसारात या माणसाने खाल्ल्याची कबुली कधी दिली नव्हती.

"थांबा ताई! यांनी काहीही खाल्लेलं नाही."

"अहो, ते आत्ताच म्हणाले..."

"म्हणाले म्हणूनच सांगतेय!"

तिने घरून आणलेला नाश्त्याचा डबा उघडला. जसा भरला होता तसाच होता. ताईंचा चेहरा उतरला. "इन्सुलिन घेऊन उपाशी आत गेला असतात, तर साखर धाडकन खाली आली असती. झटका आला तरी मला लगेच दार उघडता येत नाही, आधी दाब उतरवावा लागतो."

तो बायकोवरच उखडला. "साखरेनेच पाय सडला ना? म्हटलं, जितकी कमी तितकं बरं. तुला माझा पाय नकोय का?"

"जन्मात एकदा पथ्य पाळलंत, तेही भलत्या वेळी! खा आधी." तिने एकेक घास भरवला. ताईंनी त्याची पाळी मागे ढकलली, साखर पुन्हा पाहिली, आणि मगच त्याला आत घेतलं.

पुढच्या आठवड्यात सर्जनने पट्टी सोडली. जखमेत नवं लालबुंद मांस धरलं होतं. "दोन बोटं जातील. पाऊल वाचलं."

इतके दिवस डोळ्यातून टिपूस न काढलेली बायको सगळ्यांदेखत हमसून रडली. तो तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाला, "अगं, दोनच तर जातायत."