माझ्या पोटातला करिष्माचा आवाज

मित्रांनो, तळहातावर मावेल एवढा मी एक जुना रेकॉर्डर आहे. कोणत्या कारखान्यात घडलो ते आठवत नाही. मला आठवतं ते तनुजाताईंच्या पर्सपासूनचं. मैत्रीपायी मुलं जिवावर बेतणारी धाडसं का करतात, याचा अभ्यास त्या करत. आकुर्डीच्या एका कॉलेजात एकेकाला बोलावायचं, मला टेबलावर ठेवायचं आणि ऐकायचं, एवढंच आमचं काम. याच्याइतकं शांतपणे मलाही ऐकता येत नाही, असं ताई कौतुकाने म्हणत. मी सुखावायचो.

करिष्मा आली तेव्हा ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती. हे कोण ऐकणार, असं तिने आधी विचारलं.

"मी आणि हे यंत्र. तिसरं कोणी नाही," ताई म्हणाल्या.

मग ती बोलली. तास बुडवून स्पाइन रोडला मोटारसायकलींच्या शर्यती लागत. तिची जिवलग मैत्रीण रुपाली मागे बसून दोन्ही हात सोडायची. करिष्माला भीती वाटे. पण नको म्हटलं तर ग्रुपमधून काढतील, म्हणून तीही बसायची. आईलाही न सांगितलेलं तिने माझ्यापाशी ठेवलं.

ताईंना राहवलं नाही. चार दिवसांनी त्यांनी रुपालीच्या वडिलांना, कोंडाजींना, कॉलेजात बोलावलं. त्यांचा विश्वास बसेना, तेव्हा ताईंनी माझं बटण दाबलं. पोरीचा जीव वाचावा एवढाच त्यांचा हेतू होता, हे मी जाणतो. पण करिष्माचा आवाज माझ्याच तोंडून बाहेर पडला. मला तो गिळता आला नाही.

"पोरगी उद्यापासनं कालेजात न्हाई यायची," म्हणून कोंडाजी उठले.

रुपालीचं शिक्षण सुटलं. ग्रुपने करिष्माशी बोलणं टाकलं; ती डबा एकटीच खाऊ लागली. शर्यती काही थांबल्या नाहीत. त्या चाकणच्या बाजूला कुठेतरी गेल्या, आणि नेमक्या कुठे, हे आता ताईंना कोणीच सांगत नाही.

ताई माफी मागायला गेल्या. करिष्मा चिडली नाही, रडलीही नाही.

"मला आधी विचारलं असतंत, तर मीच तुम्हाला रुपालीच्या घरी घेऊन गेले असते," एवढं बोलून ती वळली.

आता माझे सेल काढून मला खणात ठेवलंय. त्याचं मला दुःख नाही. पण मित्रांनो, कोणी विश्वासाने काही सांगितलं आणि ते दुसऱ्यापाशी बोलणं भागच पडलं, तर आधी त्या माणसाकडे जा. कोंडाजी आले त्या दिवशी करिष्मा खालच्याच मजल्यावर वर्गात बसली होती. मध्ये फक्त एक जिना होता.