पायाला पत्ताच नाही

धाकटीने इमारतीच्या पायाची रुंदी दुप्पट केली, संगणकावरचं मॉडेल पुन्हा चालवलं आणि उत्तर वाचलं. मातीवरचा दाब मघाशी होता तेवढाच, म्हणजे अगदी नावापुरता. तिने रुंदी निम्मी केली. तरी तेच. मग चिडून तिने पाया इतका अरुंद करून टाकला की त्यावर लोखंडी खांब सोडा, फुलदाणीसुद्धा धड उभी राहिली नसती. पण सॉफ्टवेअर आपलं निवांत होतं. सगळं हिरवं, सगळं सुरक्षित.

"अरे, काहीतरी तक्रार कर की," ती पडद्याला म्हणाली.

कुणी तिला नवखी म्हटलं असतं, पण ती नवखी नव्हती. काँक्रीटचे जिने, पाण्याच्या टाक्या, दोन-तीन मजली घरं हे सगळं तिने केलेलं होतं. लोखंडी सांगाड्याची इमारत मात्र तिच्या वाट्याला पहिल्यांदाच आली होती. फर्निचरच्या कारखान्यासाठी एक उंच, लांबलचक हॉल होता. वर पत्रे, एका बाजूला ट्रक आत जाईल एवढा दरवाजा, आणि खांबांच्या प्रत्येक रांगेखाली पट्टीसारखा सलग पाया. हे मॉडेल मुळात तिच्या थोरल्या जावेने करायला घेतलं होतं. घरच्याच इंजिनीअरिंगच्या ऑफिसात दोघी कामाला. थोरली पंधरा वर्षं मुरलेली, धाकटी लग्न होऊन आल्यापासूनची. काम अर्धं झालं आणि थोरलीच्या डोळ्यांचं ऑपरेशन निघालं. पडदा बघायचा नाही, वाचायचं नाही, डोळ्यांवरची पट्टी काढायची नाही. फाइल धाकटीकडे आली.

थोरलीचं काम चुकत नाही, हे त्या घरात सूर्य पूर्वेला उगवतो तसं ठरलेलं होतं. त्यामुळे चूक आपल्याच डोक्यात असणार, असं धाकटीने धरून टाकलं, आणि जितकं धरलं तितकं डोकं चालेनासं झालं.

त्यात कंत्राटदार. त्याला ऑफिसात सगळे सहजराव म्हणायचे, कारण त्याचा प्रत्येक फोन "घाई नाही हो, सहज केला" असा सुरू व्हायचा. साइटवर यंत्र येऊन उभं होतं आणि त्याला फक्त चर किती रुंद खणायचा एवढंच हवं होतं. फोन थोरले दीर घ्यायचे. ते गिऱ्हाइकं सांभाळायचे. मॉडेलमधलं त्यांना ओ की ठो कळत नसे, आणि ते तसं मोकळेपणाने सांगतही.

"तिला त्रास देऊ नकोस," ते बायकोबद्दल म्हणाले होते. पण सहजरावांचा सकाळपासूनचा तिसरा फोन ठेवल्यावर तेच म्हणाले, "थोडासा दे."

धाकटी लॅपटॉप घेऊन वर घरात गेली. थोरली पलंगावर बसून चाचपत मोज्यांच्या जोड्या लावत होती.

"ताई, पाया भारच घेत नाहीये."

"घेत नाही म्हणजे? वरून येतोय ना भार?"

"खांबांपर्यंत येतो. पुढे कुठे जातो कळत नाही."

"अगं, भार म्हणजे काय मांजर आहे, न सांगता निघून जायला? खाली काय काय दिसतंय ते सगळं सांग. मला दिसत नाहीये असं समज."

"तुम्हाला दिसत नाहीच आहे, ताई."

"मग सोपंच आहे की. सांग."

धाकटी सांगू लागली. डावीकडे मोठा दरवाजा, असं तिने म्हणताच थोरलीने थांबवलं. दरवाजा उजवीकडे आहे. नाही ताई, डावीकडे. अगं, मीच काढलाय तो. दोघी हमरीतुमरीवर यायच्या बेतात होत्या, तेवढ्यात धाकटीच्या लक्षात आलं की तिने मॉडेल फिरवून ठेवलंय आणि ती इमारत मागून बघतेय.

"मग वळसा घालून पुढे ये," थोरली म्हणाली. "हं. आता खांबांचे तळ. तिथे काय आहे?"

"पाया आहे. आणि प्रत्येक खांबाच्या तळाशी तो छोटा त्रिकोण."

थोरलीच्या हातातला मोजा थांबला. "त्रिकोण अजून आहेत?"

"असायला नकोत का?"

नकोच होते. आधी नुसतं लोखंड तपासताना खांबांचे पाय जमिनीला घट्ट धरलेत असं सॉफ्टवेअरला सांगावं लागतं. ते सांगण्याची खूण म्हणजे तो त्रिकोण. खाली पाया काढला की त्रिकोण पुसायचे, म्हणजे खांब पायावर टेकतात आणि पाया मातीवर. इथे त्रिकोण तसेच राहिले होते. खांब त्यांच्यावरच आरामात उभे होते आणि खालचा पाया नुसता स्वतःचं वजन सांभाळत पडला होता. रुंद करा, अरुंद करा, दाब तेवढाच.

"पायाला बिचाऱ्याला पत्ताच नाही वर इमारत आहे," थोरली म्हणाली. "तू काढले नाहीस ते?"

"मला वाटलं, तुम्ही मुद्दाम ठेवलेत."

"मी काढले होते," थोरली म्हणाली. आणि मग वेगळ्याच आवाजात, "काढले होते ना?"

धाकटीने त्रिकोण पुसले आणि मॉडेल चालवलं.

"अगं बाई. छप्पर गेलं."

"कुठे?"

"खाली. सॉफ्टवेअर म्हणतंय, चार किलोमीटर."

"कुणाचं छप्पर?" दीर दारातून ओरडले. त्यांच्या हातातला फोन वाजत होता. कुणाचंच लक्ष नाही असं पाहून ते वाजणारा फोन तसाच घेऊन परत गेले.

छप्पर जाण्याचं कारण सापडायला दुपार झाली. खांब जमिनीच्या पातळीला संपत होते आणि पाया दाखवणारी रेघ पायाच्या जाडीच्या मधोमध, म्हणजे हातभर खाली जात होती. पडद्यावर चिकटल्यासारखे दिसले तरी दोघांचा एकमेकांशी काडीचा संबंध नव्हता. थोरलीने सांगितलं तसे धाकटीने मधे न वाकणारे, कडक दुवे जोडले. आता भार खाली उतरला. पण वारा सुटला की एका कडेखालच्या मातीचा दाब उणे यायला लागला.

"उणे म्हणजे माती पायाला खाली ओढून धरतेय," धाकटी म्हणाली. "माती ओढते का कधी?"

"माती फक्त ढकलते. ओढत कधीच नाही. मातीच्या जागी ज्या स्प्रिंगा दिल्यात त्यांना तसं सांगून ठेव."

तसं सांगितलं, तर पायाची कड चक्क उचलली गेली. धाकटी डोक्याला हात लावून बसली. प्रत्येक उत्तराच्या पोटातून नवा घोळ निघत होता, आणि आधीचे घोळ सुटले की फक्त मागे पडले, हेही तिला सांगता आलं नसतं.

थोरलीने लावलेला एक जोड उलगडला आणि पुन्हा लावला. धाकटीला वाटलं, ती विचार करतेय.

"गेले काही महिने मला पडद्यावरचं बारीक काही दिसतच नव्हतं," थोरली एकदम म्हणाली. "अंदाजाने चालवत होते. कुणाला बोलले नाही. ते त्रिकोण मला दिसलेच नसतील गं. आता पट्टी निघाल्यावर तरी दिसतील की नाही, देव जाणे."

धाकटीला वाईट वाटलं, आणि त्याच क्षणी आपण मूर्ख नव्हतो म्हणून बरंही वाटलं, आणि बरं वाटल्याची लाज वाटली. हे सगळं एकत्र कुठे ठेवावं कळेना म्हणून तिने पलंगावरचा एक जोड उचलला.

"ताई, हा एक काळा आहे आणि एक निळा."

"सगळेच तसे असणार," थोरली म्हणाली आणि हसायला लागली. मग दोघीही हसल्या. हसता हसता थोरलीची पट्टी ओली झाली आणि तिला डॉक्टरांची आठवण करून द्यावी लागली.

पुढचं काम मात्र सरळ झालं. मोठ्या दरवाज्यातून वारा आत शिरतो आणि पत्र्यांना खालून वर लोटतो. हलक्या इमारतीला धरून ठेवायला पायाचंच वजन हवं. धाकटीने पाया रुंद आणि जाड करायला घेतला. कुठल्या बाजूचा, असं तिने विचारलं, तर थोरली म्हणाली, वारा काय दिशा विचारून येतो? म्हणून दोन्ही बाजूंचा केला, आणि कड उचलायची थांबली. वरून येणारा सगळा भार आणि मातीने पेललेला सगळा भार यांची बेरीज धाकटीने कागदावर करून पाहिली. जुळली. तिचा विश्वास बसेना म्हणून पुन्हा केली. पुन्हा जुळली.

थोरलीची पट्टी यथावकाश निघाली. एका डोळ्याने छान दिसू लागलं, दुसऱ्याबद्दल डॉक्टर "बघू" म्हणाले. ती अर्धा दिवस ऑफिसात येऊ लागली, मोठ्या पडद्यावर मोठी अक्षरं करून, आणि बारीक खुणा मोठ्याने वाचून दाखवायचं काम धाकटीकडे आलं.

चर खणून झाला त्या दिवशी धाकटी साइटवर गेली. तो चर आणि पडद्यावरची ती रेघ एकच, हे तिच्या मनाला काही केल्या पटेना. सहजराव चराच्या कडेला उभे होते.

"घाई नाही हो मॅडम, सहज विचारतो. वर नुसते पत्रे, आणि खाली एवढा पाया. इमारत खचेल अशी भीती आहे का?"

"खचेल म्हणून नाही," धाकटी म्हणाली. "उडेल म्हणून."

सहजरावांनी तिच्याकडे पाहिलं, चराकडे पाहिलं, मग मान वर करून स्वच्छ, निवांत आभाळाकडे पाहिलं. झाडाचं पानही हलत नव्हतं.

"बरं," ते म्हणाले, आणि सळया उतरवून घ्यायला गेले.