तिसऱ्या सकाळचा धूर

अंजनाचं लग्न लागलं आणि वऱ्हाडाला टँकरचं पाणी पाजावं लागलं, ते साल दोन हजार तेरा. महिना वैशाखाचा. पाटोदा तालुक्यातल्या त्या डोंगराच्या पायथ्याच्या वाडीत एकाही विहिरीत बादली बुडेल एवढं पाणी नव्हतं. तरी लग्न झालं, पोरगी सासरी गेली. मांडव उतरला त्याच संध्याकाळी नवरीच्या बापानं, बद्रीनाथनं, आपल्या आईपुढं दुसरा विषय काढला.

"माय, आता तुझं बोचकं बांध. परळीला जायचंय."

"कावून?" भिवराबाईनं विचारलं. ती तेव्हा सदुसष्ट वर्षांची होती.

"कावून म्हणजे? शिमग्याला टँकरवरून हंडा आणताना पडलीस. सकाळपासून बांधाला पडून होतीस. कुणाला कळलं?"

"कळलं की. धोंडीराम भावजीला कळलं."

"दिवस मावळताना!"

हे खरं होतं. नवरा आसाराम जाऊन सहा वर्षं झाली होती. बद्रीनाथ परळीत एका कोळशाच्या व्यापाऱ्याकडे कामाला होता, तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांत राहत होता. ती तिथं एकदा महिनाभर राहून आली होती. दार दिवसभर लावलेलं. खिडकी पुसावी तर दुपारपर्यंत पुन्हा वीजकेंद्राची राख. जिन्यात माणूस भेटलं तरी "जेवलात का" म्हणत नाही.

पण तिचं खरं दुखणं वेगळंच होतं. अडतीस वर्षं ती आणि आसाराम ऊसतोडीला गेले. दिवाळी झाली की घराला कुलूप, गाडीत भांडीकुंडी, आणि कुठल्यातरी सहकारी कारखान्याच्या फडात पाच-सहा महिने मुक्काम. राहायला चटई आणि उसाच्या पाचटाची झोपडी, म्हणजे कोप, मावळतीच्या वाऱ्याकडं पाठ करून उभी केलेली. पहाटे तीनला मुकादमाची हाक आली की कोयता घेऊन बाहेर. घर तिचंच, पण त्याचं कुलूप कधी लावायचं आणि कधी काढायचं हे ऊस ठरवायचा. आत्ता कुठं बारा महिने ते दार उघडं राहत होतं, तर लेक पाटोद्याच्या बाजारातून नवं पितळी कुलूप घेऊन आला होता. ते तिनं त्याच्या पिशवीत पाहिलं होतं.

तिची नजर कोपऱ्यात गेली. अंजनानं कॉलेजात असताना डोंगर चढायला म्हणून घेतलेला निळा तंबू तिथं गुंडाळून ठेवलेला होता. "आजे, हा तुला," म्हणून ती ठेवून गेली होती.

"बद्र्या, मी एकटी राहू शकत न्हाई असं तुझं म्हणणं हाय ना? मग मी समोरच्या डोंगरावर तीन रात्री एकटी राहते. चौथ्या दिवशी माझ्या पायानं खाली आले, तर मी वाडीत राहणार. तुला आणायला यावं लागलं, तर मुकाट्यानं परळीला येते."

ओट्यावर धोंडीराम बसला होता. आसारामच्या टोळीचा जुना मुकादम, आता पंचाहत्तरीला आलेला. तो खो-खो हसला.

"वयनी, वर लांडगे हायेत."

"असू द्या. माझ्या हाडांवर त्यांचं काय भागतंय?"

"माय, येड लागलं का तुला?"

"अरे, अडतीस वर्षं उघड्यावर निजले तवा तुला येड दिसलं न्हाई. त्याच्यावरच शिकलास तू."

बद्रीनाथ रात्रभर चुळबुळला आणि सकाळी कबूल झाला. पण एक अट घातली. डोंगरावर मोबाईलला रेंज नव्हती. म्हणून रोज दिवस उगवायला तिनं वरून धूर काढायचा. धूर दिसला नाही, की तो माणसं घेऊन वर येणार. धोंडीराम साक्षीदार.

तिनं पाण्याचे दोन कॅन, भाकरी, ठेचा, घोंगडी, काडेपेटी आणि तंबू असं ओझं बांधलं. डोक्यावर चुंबळ ठेवली आणि निघाली. उसाच्या मोळ्या वाहिलेल्या मानेला ते ओझं फार नव्हतं, पण गुडघे कुरकुरले. मुरूम पायाखालून सुटायचा. दर पन्नास पावलांवर ती थांबली, सीताफळीच्या वाळक्या फांदीला धरून उभी राहिली, पुन्हा चढली. माथ्यावर पोचायला दुपार झाली.

तंबूच्या काड्या कशा बसवायच्या हे अंजनानं एकदा दाखवलं होतं. तोंड उगवतीला, पाठ मावळतीच्या वाऱ्याला. कोपीसारखंच. पहिल्या रात्री ती सवयीनं पहाटे तीनला जागी झाली आणि हाकेची वाट बघत पडून राहिली. मग तिच्या ध्यानात आलं, की हाक येणार नाही. दिवस उगवताच तिनं काटक्यांवर ओला पाला टाकून धूर काढला. खाली वाडीत कुणीतरी पांढरं धोतर हलवलं. तो धोंडीरामच.

दिवसभर ती माथ्यानं हिंडली. खाली टँकर आला, त्याच्याभोवती मुंग्यांसारखी माणसं जमली, ते सगळं तिनं वरून बघितलं. दुपारी एक मोर तंबूजवळ आला आणि चोच उघडून उभा राहिला. तिनं झाकणात पाणी ओतून ठेवलं. "पी बाबा. तुझा टँकर मीच." दुसरी सकाळ उजाडली, तेव्हाही तिचा धूर वेळेवर निघाला.

चुकलं ते तिसऱ्या संध्याकाळी. कोपीत चूल नेहमी तोंडाशीच असते, म्हणून तिनं भाकरी गरम करायला तंबूच्या दाराशीच तीन दगड मांडले. चुलीजवळचं पाचट पाणी मारून भिजवलेलं असतं, लगेच पेट घेत नाही. हे कापड तसलं नव्हतं. वारा फिरला, एक ठिणगी वर उडाली आणि निळ्या छताला पंजाएवढं भोक पडलं. पोरीची वस्तू! तिनं चूल विझवली, भोकावरून आख्ख्या तंबूवर काळी घोंगडी पसरली, कडेनं दगड ठेवले आणि आत जाऊन निजली. आत कोठीसारखा अंधार झाला.

"उठा बे! गाडी आली! अजून निजलेत व्हय!"

भिवराबाई ताडकन उठली. अंधारात चाचपून कोयता शोधू लागली, आसारामला हलवायला हात लांब केला. हाताला नुसतं कापड लागलं. ती घाबरून बाहेर आली, तर डोळ्यांवर ऊन आदळलं. दिवस चांगला कासराभर वर आला होता. समोर धोंडीराम काठी टेकून धापा टाकत उभा होता. त्याच्यामागं शेजारचा शहादेव आणि वाडीतले तिघं जण, खांद्यावर रिकामी बाज.

"जित्ती हाय," धोंडीराम मागं वळून ओरडला. "बद्र्या, तुझी माय जित्ती हाय. घोरत होती!"

खालच्या दगडावरून हुंदका ऐकू आला. बद्रीनाथ तिथं पाय धरून बसला होता. धूर दिसेना तसा तो चपला घालूनच पळत सुटला होता आणि मुरमावरून पाय घसरून घोटा सुजला होता. तो आईकडं बघून रडत होता, मधेच हसत होता.

"माय, तुला काय झालंतं?"

"झोप लागली रे," भिवराबाई ओशाळून म्हणाली. "अशी झोप मला जलमात लागली न्हाई."

जरा शांत झाल्यावर बद्रीनाथनं डोळे पुसले. "मग झालं तर. मी आणायला आलो. आता परळी."

तसं भिवराबाईच बोलली होती. तिनं धोंडीरामकडं बघितलं.

धोंडीरामनं घोंगडी उचलून भोक पाहिलं, बाज पाहिली, बद्रीनाथचा घोटा दाबून पाहिला. बद्रीनाथ किंचाळला.

"आणायला आलास हे खरं," तो म्हणाला. "पर माझ्या टोळीचा कायदा असा, की फडातून माणूस कसा निघाला त्याच्यावर कोण हरलं ते ठरतं. वयनी, तुमी बाजेवर बसता का चालता?"

"चालते की."

"आन तू?"

बद्रीनाथनं उठायचा प्रयत्न केला आणि पुन्हा खाली बसला. शहादेव हसू दाबत बाज घेऊन पुढं झाला.

अशी ती वरात खाली उतरली. पुढं डोक्यावर तंबू घेतलेली भिवराबाई, मागं चौघांच्या खांद्यावर बाजेवर बसलेला तिचा लेक, दर वळणाला "हळू रे" म्हणणारा. वाडीतल्या बाया टँकरची रांग सोडून बघायला आल्या. कुणीतरी विचारलं, "भिवराबाई, लेकाला डोंगरावरून आणलं का?"

"आणावं लागलं बाई," ती म्हणाली. "एकट्याला झेपत न्हाई त्याला."

बाजेवर बद्रीनाथही हसला. दारात उतरल्यावर त्यानं आईच्या गुडघ्यावर डोकं ठेवलं आणि बराच वेळ काढलंच नाही. तिनं त्याच्या घोट्याला हळद लावली. चार दिवसांनी तो परळीला गेला. पितळी कुलूप त्यानं पिशवीतून काढलं नाही, तसंच परत नेलं. जाताना एवढंच म्हणाला, "माय, सकाळचा धूर काढत जा. चुलीचाच. तुझे भावजी बघतील."

तंबूच्या भोकाला तिनं हिरव्या लुगड्याचं ठिगळ लावलं. पुढं दरसाल वैशाखात एकदा ती वर जायची आणि ऊन येईपर्यंत निजायची.

धोंडीराम मुकादम पुढच्या वर्षी पोळ्याच्या आदल्या दिवशी वारला. भिवराबाई दोन हजार बावीस साली माघात वारली, वाडीतल्या आपल्या घरात.